फ्लास्कला दिलेली सूट

एखादी गोष्ट तुम्ही एका कामासाठी पोसली, तिनं ते काम हळूहळू सोडून दिलं आणि ती नुसतीच फोफावत गेली, तर तुम्ही तिला बक्षीस द्याल का? ‘छे’ म्हणायची घाई करू नका. आम्हीही ‘छे’च म्हटलं असतं. आम्ही जीवशास्त्रात पदव्या घेतलेली माणसं होतो, आणि आम्ही बक्षीस दिलं. दर शुक्रवारी, काजूकतलीच्या डब्यासकट, टाळ्या वाजवून.

ही हकिगत दिल्लीजवळची, गुडगावच्या पुढं लागणाऱ्या मानेसरची. हायवे सोडून आत वळलं की गाड्यांचे कारखाने, सुट्या भागांचे कारखाने, आणि शेअर ऑटोला लोंबकळत कामावर जाणारी माणसं. त्यांच्या मधोमध आमची निळ्या काचेची इमारत. पुढं हिरवळ, हिरवळीवर दिवसभर फवारे. दिल्लीतल्या आमच्या द्वारकेच्या सोसायटीत टँकर उशिरा आला की लोक लिफ्टमध्ये एकमेकांकडे बघायचे नाहीत, आणि इथं गवत आंघोळ करत होतं. पहिल्या दिवसापासून मला त्या हिरवळीचा राग होता. तो अजून गेलेला नाही.

मग मी तिथं गेले कशाला? आईच्या बोटांसाठी.

माझे बाबा बँकेत कारकून आणि युनियनचे पत्रकलेखक. आई सरकारी कार्यालयात टायपिस्ट. आम्ही मयूर विहारला होतो तेव्हापासून पत्रकं आमच्या घरीच तयार व्हायची. बाबा लिहायचे, आई स्टेन्सिल कापायची, आणि सायक्लोस्टाइलवरून निघालेले ओले कागद मी पलंगावर वाळत घालायचे. मी अक्षरं त्या कागदांवर शिकले. मला वाचता आलेला पहिला जोडाक्षरी शब्द ‘संघर्ष’. कित्येक दिवस मला ते कुणा शेजाऱ्याचं आडनाव वाटत होतं. टाइपरायटर हिंदीचा, त्यावर ळ नव्हता. दिल्लीतल्या महाराष्ट्र मंडळासाठी मराठी पत्रक असलं की आई प्रत्येक ळ टोकदार लेखणीनं हातानं कोरायची. “काळ, बळ, चळवळ,” ती कुरकुरायची. “तुझ्या बाबांना शब्दही नेमके तेच सुचतात.”

पुढं त्याच बोटांत संधिवात शिरला. हाडं झिजणारा म्हातारपणाचा नव्हे. दुसरा, ज्यात शरीर स्वतःच्याच सांध्यांवर उठतं. आईनं मुदतीआधी नोकरी सोडली. डॉक्टरांनी तिला मेथोट्रेक्झेटची गोळी दिली, आठवड्यातून एकदा घ्यायची. ती रविवारी घ्यायची आणि सोमवारी दिवसभर मळमळत पडून राहायची. गोळीनं आजार आवरला, पण बोटं सुटली नाहीत. मग एका परदेशी कंपनीच्या मदत योजनेतून तिला काही महिने इंजेक्शन मिळालं. त्या महिन्यांतली एक सकाळ मला स्वच्छ आठवते. आईनं लोणच्याच्या बरणीचं झाकण फिरवलं, ते उघडलं, तिनं ते परत लावलं आणि परत उघडलं. बाबा म्हणाले, “अगं, बास, लोणचं खराब होईल.” ती म्हणाली, “होऊ दे.”

योजना संपली. इंजेक्शन बंद झालं. बरणी पुन्हा माझ्याकडे येऊ लागली.

निळ्या काचेच्या कंपनीत त्याच इंजेक्शनचा देशी, परवडणारा प्रकार तयार करायचं काम चालू होतं. म्हणून मी गेले. उदारीकरण हा शब्द आमच्या घरात शिवीसारखा वापरला जायचा, त्यामुळं मी संध्याकाळी घरी आले की बाबा विचारायचे, “काय, मालक खुशाल आहेत ना?” मी म्हणायचे, “खुशाल आहेत. गवताला पाणी घालतायत.”

आता हे औषध कसं बनतं ते सांगते, कारण ते कळल्याशिवाय माझा संताप तुम्हाला उगाच वाटेल. ही औषधं रसायनं ढवळून होत नाहीत, जिवंत पेशी ती बनवतात. बहुधा चिनी हॅमस्टर नावाच्या, उंदरासारख्या प्राण्याच्या अंडाशयातून फार पूर्वी घेतलेल्या पेशींचा वंश असतो. त्या पेशींत औषधाचं जनुक घालतात, एकेका पेशीत त्याच्या अनेक प्रती. पेशी पोषक द्रवात वाढतात, आणि वाढता वाढता औषध बाहेर सोडतात. सुरुवातीच्या चांगल्या पेशी छोट्या कुप्यांत भरून द्रव नायट्रोजनच्या टाकीत गोठवून ठेवतात. ती मूळ पुंजी. तिच्यातली एखादी कुपी वितळवायची, त्या पेशी फ्लास्कमध्ये वाढवायच्या, फ्लास्क भरला की थोड्या पेशी पुढच्या फ्लास्कमध्ये.

पण पेशी दर वेळी विभागताना स्वतःची नक्कल करते, आणि नकलेत चुका होतात. एखादीचा गुणसूत्राचा तुकडा गळतो. त्या तुकड्यावर औषधाचं जनुक असेल तर त्या पेशीच्या अंगावरचं ओझं उतरतं; औषध बनवायला लागणारी ताकद ती स्वतःच्या वाढीला लावते. एखादीत वाढीला लगाम घालणारं जनुकच मोडतं. अशा पेशी इतरांपेक्षा भराभर वाढतात आणि थोड्याच काळात फ्लास्क त्यांचाच होतो. यात पेशींचा काही दोष नाही. त्यांना माझ्या आईची बोटं माहीत नाहीत.

म्हणून त्यांच्यावर दाब ठेवावा लागतो. आमच्या पेशींच्या वंशात तो दाब असा होता: पेशी जपताना द्रवात थोडं विष घालायचं. ज्या पेशींनी औषधाच्या जनुकाच्या प्रती टिकवल्यात त्यांनाच ते विष पचतं, कारण त्याच तुकड्यावर विषाला तोंड देणारं जनुकही बसवलेलं असतं. तुकडा गळाला की पेशी मेली.

ते विष म्हणजे मेथोट्रेक्झेट. आई रविवारी घ्यायची तेच.

हे मला कळलं त्या दिवशी मी घरी येऊन आईला सांगितलं. तिनं गोळीच्या पाकिटाकडे बघितलं. “म्हणजे त्या उंदरालाही सोमवारी मळमळतं?”

“उंदीर नाही गं, पेशी.”

“तेच ते. बिचारे.”

कंपनीचे डायरेक्टर दिल्लीचेच. गोरेपान, कायम घाईत, प्रत्येकाला ‘बेटा’ म्हणणारे. त्यांना वाढ हवी होती. पैसे लावणारे लोक परदेशातून यायचे, आणि त्यांना दाखवायला वर चढणारी रेघ लागायची. विष घातलेल्या पेशी हळू वाढत. एका बैठकीत सरांनी ते काढून टाकायला सांगितलं.

“ये ज़हर क्यों पिला रहे हो बच्चों को?” ते हसले. सगळे हसले. विष गेलं.

मग शुक्रवारचा प्रकार सुरू झाला. आम्ही प्रत्येक जण एकेक फ्लास्क सांभाळायचो. शुक्रवारी दुपारी सगळे फ्लास्क एका ट्रेमध्ये मांडायचे, पेशी मोजायच्या, आणि ज्यात सर्वांत जास्त, तो ‘टॉपर’. टॉपरचा फोटो खाली स्वागतकक्षातल्या टीव्हीवर झळकायचा, सांभाळणाऱ्याला काजूकतलीचा डबा मिळायचा. त्यापुढची पायरी खरी घातक. पुढच्या आठवड्याचे सगळे फ्लास्क टॉपरमधूनच सुरू व्हायचे. बाकीचे ब्लीचमध्ये.

ही चूक आमच्यासारखेच लोक करू शकतात. आम्ही सगळे शिकवणी वर्गांतून आलेलो. पहिला आला की त्याचा फोटो फाटकावर लागतो, उरलेल्यांचं काय झालं हे कुणी विचारत नाही, हे आम्हाला लहानपणापासून पाठ होतं. त्यामुळं फ्लास्कांची परीक्षा घेताना कुणाला काही वावगं वाटलं नाही. माझ्या शेजारच्या टेबलावर कानपूरचा एक मुलगा होता. तो म्हणायचा, “यार, मेरा फ्लास्क तो बिल्कुल मेरे जैसा है, हर बार सेकंड डिविज़न.” तो हसायचा, मी चिडायचे. मला स्पर्धेची चीड होती हे खरं, पण तेव्हा ती निव्वळ पत्रकातली चीड होती. तिच्यामागं शास्त्र नव्हतं.

शास्त्र ताईंनी आणलं. ताई म्हणजे आमच्या गटाच्या प्रमुख, पुण्याच्या. ऑफिसात मी त्यांना मॅडम म्हणायचे, आणि द्वारकेहून सुटणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये ताई. एका सकाळी बस टोलनाक्यावर अडकली होती. ताई खिडकीला डोकं टेकून बसल्या होत्या. एकदम म्हणाल्या, “अगं, आपण फ्लास्कमध्ये पेशी किती ते मोजतो. फ्लास्कमध्ये एकूण औषध किती तेही मोजतो. बरोबर?”

“बरोबर.”

“पेशी दुपटीच्या पुढं गेल्या. औषध वाढलंय का?”

“जवळपास तेवढंच आहे.”

“मग भाग दे ना.”

मी भाग दिला. एकेक पेशी पूर्वीच्या निम्म्याहूनही कमी औषध बनवत होती, आणि दर शुक्रवारी आणखी कमी. एकूण औषध कसंबसं टिकून होतं ते फक्त गर्दीमुळं. गर्दीला मर्यादा असते. फ्लास्कमध्ये किती पेशी मावणार? मग औषधही ढासळणार होतं.

“कुणीच भाग दिला नाही?” मी विचारलं.

“टीव्हीवर भागाकार दाखवत नाहीत,” ताई म्हणाल्या.

ताईंनी मग टॉपरच्या पेशी तपासायला घेतल्या. औषधाच्या जनुकाच्या प्रती मोजल्या. कित्येक पेशींत थोड्याच उरल्या होत्या, काहींत एकही नव्हती. वाढीला आवर घालणाऱ्या एका जनुकाचाही तुकडा पडला होता. टाकीत मूळ पुंजीतल्या काही कुप्या शिल्लक होत्या. त्यांतल्या एकीतल्या पेशी विषाच्या दाबाखाली वाढवून बघितल्या. हळू, रडतखडत वाढल्या. पण एकेक पेशी भरभरून औषध देत होती. म्हणजे वाट होती. जुन्या कुप्यांकडे परत जायचं, दाब पुन्हा लावायचा, शुक्रवारचा तमाशा बंद करायचा. काही महिने वाया गेले एवढंच.

बैठकीत ताईंनी हे मांडलं. सर फोनशी खेळत ऐकत होते.

“तो आप कह रही हैं कि बच्चे ज़्यादा तंदुरुस्त हो गए, ये प्रॉब्लम है?”

“सर, पेशी औषध बनवायच्या थांबतायत.”

“नेगेटिव मत बोलिए. इन्वेस्टर को गणित नहीं दिखाते, ग्राफ दिखाते हैं. ये स्लाइड हटाइए.”

मग त्यांनी सांगितलं की पुढच्या सोमवारी नवी टाकी येणार, आणि नव्या टाकीत नवी पुंजी भरायची, शुक्रवारच्या टॉपरची. जुन्या कुप्या फेकून द्यायच्या. “पुराना सामान नए घर में नहीं ले जाते, बेटा.”

मी उठून म्हटलं, “सर, ते सामान नाही. औषध त्याच कुप्यांत आहे.”

“आपकी मदर की तबीयत का मुझे अफ़सोस है,” ते म्हणाले. “लेकिन इमोशनल मत होइए.”

आईबद्दल मी कधी त्यांच्याशी बोलले नव्हते. कुणीतरी सांगितलं असणार. त्या क्षणी मला त्यांची हिरवळ उपटून काढावीशी वाटली. फ्लास्कला विषातून सूट, आईला नाही. ती दर रविवारी ते घेणार, का? तर तिच्यासाठी औषध बनवणाऱ्यांना त्रास नको म्हणून.

घरी येऊन मी बाबांना म्हटलं, “पत्रक काढायचंय.”

ते टीव्ही बघत होते. “कुणाविरुद्ध?”

“काजूकतलीविरुद्ध.”

सगळं ऐकल्यावर त्यांना चेव आला. त्यांचा मसुदा ‘भांडवलशाहीच्या अंध वाढीनं आज पेशीलाही’ असा सुरू झाला. मी तो फाडला. “बाबा, उपमा नकोत. पेशी म्हणजे देश नाही. पेशी म्हणजे पेशी. लोकांना एवढंच कळलं पाहिजे की सोमवारी काय फेकलं जाणार आहे.”

“तुझ्यात धार राहिली नाही,” ते रुसून म्हणाले.

“लहान लिहायला लागतं हो आता,” आई मध्येच म्हणाली. “मीच आयुष्यभर लांबलचक पत्रकं टाइप केली तुमची.” मग मला, “हिंदीत काढणार ना? मग ळ नाही. सुटले बाई मी.”

पत्रक एका पानाचं होतं. एका बाजूला दोन रेघा: वर चढणारी पेशींची आणि खाली उतरणारी दर पेशीमागच्या औषधाची. दुसऱ्या बाजूला एक मागणी: या शुक्रवारी ट्रेमध्ये फ्लास्क ठेवू नका. टॉपर ठरला नाही तर नवी पुंजी भरता येणार नाही, आणि जुन्या कुप्या फेकता येणार नाहीत. खाली माझी सही. निनावी पत्रक बाबांनी आयुष्यात काढलं नव्हतं, मीही काढणार नव्हते.

बसमध्ये मी ते वाटलं. आमच्या बसमध्ये कुणी कधी काही वाटलं असेल तर ती लग्नपत्रिका. लोकांनी हसतच हात पुढं केले आणि वाचल्यावर खिडकीबाहेर बघायला लागले. हिशेब विभागातले एक गृहस्थ म्हणाले, “मॅडम, ये कोई मारुति का गेट है क्या?” मानेसरच्या मारुती कारखान्यातला गाजलेला संप सगळ्यांना आठवत होता. मागून कुणीतरी, “कॉम्रेड, समोसा भी मिलेगा?” मी म्हटलं, “आपल्याला काजूकतली मिळते ना, तेवढी पुरे.” कानपूरच्या मुलानं पान उलटसुलट करून बघितलं. “ये नीचे वाली रेघ सच्ची है?” त्यानं विचारलं, ‘रेघ’ हा शब्द तो माझ्याकडूनच शिकला होता. मी म्हटलं, भाग देऊन बघ. त्यानं मोबाइल काढला आणि मानेसर येईपर्यंत मान वर केली नाही.

शुक्रवारी दुपारी ट्रे मांडला गेला. सर आले, टॉपरचा फोटो काढणारा माणूस कॅमेरा घेऊन आला, डबा आला. ट्रेमध्ये एकही फ्लास्क नव्हता. सगळे इनक्युबेटरच्या उबदार कपाटातच होते, आणि आम्ही सगळे आपापल्या टेबलापाशी. कुणी तत्त्वासाठी थांबलं, कुणी शेजारी थांबला म्हणून, कुणी भीतीनं, कुणाला भागाकार पटला म्हणून. मला त्यांची कारणं नको होती, रिकामा ट्रे हवा होता.

“फ्लास्क कहाँ हैं?”

कानपूरचा मुलगा म्हणाला, “सर, मेरा तो वैसे भी कभी नहीं जीतता.” कुणीतरी खुदकन हसलं, आणि मग सर ओरडायला लागले. ते काय काय बोलले ते लिहायची माझी इच्छा नाही. त्यात ‘बेटा’ एकदाही आलं नाही. ताई मध्ये पडल्या. “सर, तपासणीला अधिकारी आले तर मूळ पुंजी दाखवावी लागते. ती फेकली तर ग्राफ कुणालाच दाखवता येणार नाही.” हे ऐकून त्यांनी कॅमेरावाल्याला परत जायची खूण केली. शास्त्र त्यांना पटलं नव्हतंच. अडचण तेवढी पटली.

जुन्या कुप्या राहिल्या. मी राहिले नाही. ‘कंपनीच्या संस्कृतीशी जुळत नाही’ असं मला गोड आवाजात सांगण्यात आलं, आणि फाटकावर माझी पिशवी तपासली गेली, जणू मी काजूकतली चोरून नेत होते. फवारे चालूच होते.

त्या संध्याकाळी बाबांनी नेहमीचा प्रश्न विचारला नाही. त्यांनी चहा केला, वाईट केला, आणि आईनं तो दोन्ही तळहातांत पेला धरून संपवला. बोटांनी पेला धरणं तिला जमत नाही.

पुढचं मला ताईंच्या फोनवरून कळत गेलं. शुक्रवारचा खेळ बंद झाला. त्यांनी जुनी कुपी वितळवली, विष पुन्हा घातलं, आणि काम जवळपास पहिल्यापासून सुरू झालं. परदेशी पाहुण्यांना रेघ आवडेनाशी झाली. सर दुसरीकडे गेले, मोठ्या पगारावर. ते पडतील असं तुम्हाला वाटलं असेल तर तुम्हाला गुडगाव माहीत नाही. औषध अजून बाजारात आलेलं नाही. ते उशिरा येईल, आणि जेवढा उशीर होईल तेवढं आईचं एकेक बोट वाकडं होऊन तसंच राहील. वाकलेलं हाड इंजेक्शननं सरळ होत नाही. हे सगळं लिहून मी तिच्यासमोर वाचून दाखवलं, तेव्हा तिनं एवढंच म्हटलं, “ळ नीट काढलेत ना?”

आता तुमच्याकडे एक मागणं आहे. या नव्या वस्त्यांत, या काचेच्या इमारतींत, तुमच्या घरातलं कुणीतरी काम करत असेल. मुलगा, सून, जावई, भाची. त्यांच्यापैकी कुणी अशा प्रयोगशाळेत असेल तर आज जेवताना त्याला विचारा: तुमच्याकडे पेशी किती वाढल्या ते मोजता, पण एकेक पेशी औषध किती देते याचा आलेख बैठकीत कोण मागतं? उत्तर ‘कुणीच नाही’ असेल, तर पुढच्या बैठकीत तो त्यानंच मागावा, मोठ्यानं, सगळ्यांसमोर. आणि तो हसून “ग्रोथ मस्त आहे” म्हणाला, तर त्याच्यापुढं घट्ट झाकणाची लोणच्याची बरणी ठेवा, आणि बोटं न वाकवता उघडायला सांगा.